खळ्यावरची पत्र्याची शेड दर पावसाळ्यात गळते: लक्षणे, तपासणीचा क्रम आणि कुठे थांबावे

सिंधुदुर्गात आणि लगतच्या दक्षिण रत्नागिरीत घरापुढच्या खळ्यावर (अंगणात), पडवीला लागून किंवा गच्चीवर पत्र्याची शेड उभी करण्याचे काम मी गेली अठरा वर्षे करीत आहे. मला येणाऱ्या बोलावण्यांपैकी निम्म्याहून अधिक नव्या कामाची नसतात. आधी बांधलेली शेड गळू लागली म्हणून लोक बोलावतात, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षी त्याच गळतीवर कोणीतरी सिलिकॉन लावून गेलेले असते. गळती जूनमध्ये दिसते म्हणून दोष पावसाला दिला जातो, पण माझ्या अनुभवात ती मार्च ते मे या तीन महिन्यांत उन्हाने तयार करून ठेवलेली असते. दुरुस्ती वर्षभरात फसण्याचे कारणही हेच आहे, कारण आपण पाण्याची वाट बुजवतो आणि उन्हाने पत्र्याचे, वॉशरचे व जोडांचे काय केले आहे ते पाहत नाही.

पूर्वी खळ्यात पोफळीच्या खांबांचा आणि नारळाच्या झापांचा मांडव असे. तो पावसाळा संपल्यावर घातला जाई आणि आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, उतरवला जाई. एकाच छपराने उन्हाळाही सोसावा आणि वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊसही अडवावा, अशी अपेक्षा त्या मांडवाकडून कोणी केली नाही. पत्र्याच्या शेडकडून आपण ती बाराही महिने करतो. तिची थोडी देखभाल दरवर्षी करावी लागते, हे मात्र शेड बांधताना क्वचितच कोणी सांगते.

लक्षणे

गळती कधी होते आणि कशी होते, यावरून कारणाचा निम्मा उलगडा होतो. पाऊस सुरू होताच ठरावीक ठिकाणी एकेक थेंब पडू लागला आणि वर पाहिल्यावर त्या सरळ रेषेत स्क्रूंची ओळ दिसली, तर वॉशर गेलेले आहेत. साधा पाऊस व्यवस्थित वाहून जातो, परंतु पश्चिमेकडून वारा घेऊन आलेल्या सरीत पाणी आत येते, असे असेल तर संशय पत्र्यांच्या बाजूच्या जोडावर किंवा भिंतीलगतच्या पट्टीवर घ्यावा. जोराची सर पंधरा-वीस मिनिटे टिकल्यानंतरच वळचणीच्या बाजूने पाणी आत उतरत असेल, तर पन्हळ तुंबलेली किंवा अपुरी आहे. पाऊस थांबून तास उलटला तरी ठिबकणे चालू राहते तेव्हा पत्र्याला खोलगट जागा पडून तिथे पाणी साचते आहे, किंवा पोकळ पर्लिनमध्ये (पत्रा ज्यावर बसवतात त्या आडव्या लोखंडी पाइपमध्ये) पाणी शिरले आहे, असे समजावे. डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसताना सकाळी थेंब पडत असतील तर ती गळतीच नव्हे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

याखेरीज तीन खुणा कोरड्या दिवसांतही दिसतात. स्क्रूभोवती तांबूस गंजाचे वर्तुळ आणि त्यातून खाली आलेला ओघळ ही पहिली. सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी उतरताना पत्रा कडकड वाजणे ही दुसरी. गच्चीवरची शेड असल्यास खांबाच्या बरोबर खालच्या खोलीत छताला ओल धरणे ही तिसरी. ही तिसरी खूण दिसली की लोक पत्रा तपासत बसतात, परंतु तिचा पत्र्याशी काही संबंध नसतो.

आधी खाली बसून पाहावे

पहिल्या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि शिडीही लागत नाही. पाऊस पडत असताना शेडखाली उभे राहून थेंब कुठे पडतो ते फरशीवर खडूने किंवा मार्करने लिहून ठेवावे, तोच थेंब पत्र्याच्या किंवा पर्लिनच्या कोणत्या बिंदूपासून सुटतो तेही पाहावे आणि पाऊस किती वेळाने व कोणत्या दिशेने आल्यावर हे घडले त्याची नोंद करावी. मोबाइलवर काढलेले छायाचित्र पुरेसे होते. याचे महत्त्व असे की थेंब पडण्याची जागा आणि पाणी आत शिरण्याची जागा सहसा एक नसते. स्क्रूच्या भोकातून आलेले पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून उताराने येते, पर्लिनला अडले की पर्लिनच्या कडेने आडवे धावते आणि जिथे वेल्डिंगचा उंचवटा किंवा पर्लिनचा झोक सापडेल तिथे सुटते. तीन-चार फुटांचे अंतर सहज पडते. म्हणून शोध नेहमी थेंबाच्या वरच्या अंगाला, म्हणजे आढ्याकडे घ्यावा. त्याच्या खालच्या बाजूस असलेल्या स्क्रूंवर वेळ घालवू नये.

हिवाळ्यातल्या थेंबांची परीक्षाही खालूनच होते. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो आणि दमट हवेतले बाष्प त्याच्या खालच्या अंगावर दव होऊन बसते. असे पाणी सबंध पत्र्यावर सारखे पसरलेले असते, कोणत्याही एका स्क्रूशी किंवा जोडाशी ते निगडित नसते आणि आदल्या संध्याकाळी फडक्याने पुसून ठेवलेल्या पत्र्यावरही सकाळी पुन्हा दिसते. यावर सीलंटचा, म्हणजे सिलिकॉनसारख्या फट बुजवणाऱ्या लेपाचा, काही उपयोग नाही. शेडच्या बाजू बंद केलेल्या असतील तर आढ्याखाली हवा खेळण्यास जागा ठेवावी, आणि त्याने भागले नाही तर पत्र्याखाली उष्णतारोधक फोम बसवून घ्यावा.

पन्हळ

ही दुसरी तपासणी, कारण ती फुकट आहे आणि शिडीवर दोनच पायऱ्या चढून करता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये झडलेला आंब्याचा मोहोर आणि मेमधला पालापाचोळा पन्हळीत बसून राहतो, पहिल्या पावसात त्याचा बोळा होतो आणि तो नेमका उतरत्या नळाच्या तोंडाशी जाऊन अडकतो. पन्हळ साफ केल्यावर बादलीभर पाणी एका टोकाला ओतावे. पाणी मध्ये थांबले तर पन्हळीचा ढाळ गेलेला आहे, म्हणजे तिचा एखादा हूक सरकला आहे.

पन्हळ लहान आहे का, हे साध्या गुणाकाराने कळते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पंधरा फूट बाय वीस फुटांच्या शेडचे क्षेत्र सुमारे २८ चौरस मीटर भरते; तासाला १०० मिलिमीटर वेगाची सर त्यावर आली तर तासात २८०० लिटर, म्हणजे मिनिटाला ४६ लिटरच्या पुढे पाणी पन्हळीत येते. आमच्याकडे असा वेग जुलैत नवलाचा नाही. हे पाणी एकाच दोन इंची नळावर सोडलेले मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. अशा वेळी दुसऱ्या टोकाला आणखी एक नळ काढणे हा सीलंटच्या चार नळ्यांपेक्षा स्वस्त उपाय ठरतो. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा थोडी खाली असावी, म्हणजे ती भरून वाहू लागली तरी पाणी अंगणात पडते, घराकडे येत नाही.

स्क्रू आणि वॉशर

गळतीच्या बहुतेक तक्रारी इथेच सुटतात, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. हल्ली पत्रा पर्लिनला सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने बसवतात आणि स्क्रूच्या डोक्याखाली धातूची चकती व तिला चिकटलेला रबरी वॉशर असतो. पाणी अडवण्याचे काम हा वॉशर करतो. चांगला वॉशर ईपीडीएम या रबराचा असतो आणि तो उन्हात बरीच वर्षे टिकतो. स्वस्त स्क्रूला लावलेला साधा रबर आमच्याकडच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि नखाने दाबला तर त्याचा भुगा होतो. नखाची ही परीक्षा प्रत्येक ओळीतल्या दोन-तीन स्क्रूंवर करून पाहावी. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे उतरणाऱ्या पाखीवरचे वॉशर आधी जातात, तेव्हा सुरुवात तिथून करावी.

वॉशर चांगला असूनही स्क्रू गळत असेल तर त्याचा ताण तपासावा. बरोबर आवळलेल्या स्क्रूचा रबर धातूच्या चकतीच्या कडेपर्यंत फुगून आलेला दिसतो आणि बोटाने चकती फिरत नाही. चकती फिरली तर स्क्रू सैल आहे. रबर चकतीबाहेर उसवल्यासारखा आला असेल किंवा स्क्रूभोवती पत्र्याला खळगा पडला असेल, तर तो प्रमाणाबाहेर आवळला गेला आहे, आणि त्या खळग्यात साचणारे पाणी वॉशरच्या कडेलाच उभे राहते. कामगाराने ड्रिल मशीन पूर्ण वेगाने चालवले की हे होते. नवी शेड पहिल्याच पावसाळ्यात गळाली तर मी सर्वप्रथम हा दोष शोधतो.

स्क्रू सैल होण्यामागे पत्र्याचे हलणे असते. गडद रंगाचा पत्रा एप्रिलच्या दुपारी ६५ ते ७० अंशांपर्यंत तापतो आणि पहाटे २४-२५ अंशांवर येतो. पोलाद दर मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते, त्यामुळे सहा मीटर लांबीचा पत्रा ४५ अंशांच्या फरकाने तीन मिलिमीटरहून थोडा अधिक लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. वर सांगितलेली कडकड हा त्याचाच आवाज आहे. ही ये-जा रोज होत असते, आणि तीन-चार वर्षांत स्क्रूचे भोक वॉशरच्या आत अंड्याच्या आकाराचे होते. अशा भोकात तोच स्क्रू पुन्हा आवळून उपयोग होत नाही, कारण त्याच्या आट्यांना धरायला पत्रा आणि पर्लिन उरलेले नसतात. तिथे ५.५ मिलिमीटरचा स्क्रू काढून ६.३ मिलिमीटरचा, मोठ्या चकतीचा व ईपीडीएम वॉशरचा स्क्रू घालावा. समुद्राजवळ साध्या झिंक मुलाम्याचे स्क्रू टिकत नाहीत. खाऱ्या हवेसाठी जाड मुलाम्याचे मिळतात, ते मागून घ्यावेत.

आणखी एक कारण ग्रंथांत सापडणार नाही, ते म्हणजे वानर. आमच्या भागात वानरांची टोळी आंब्यावरून शेडवर उड्या टाकते आणि ज्या ठिकाणी ती उतरते तिथली स्क्रूंची ओळ बाकीच्यांच्या दोन वर्षे आधी सैल होते. नारळ पडून पत्र्याला आलेला पोचाही असाच त्रास देतो, कारण त्यात पाणी साचते. फांदी तोडणे हा उपाय पत्रा बदलण्याच्या आधी करावा.

स्क्रूच्या डोक्यावर सिलिकॉनचा गोळा लावणे हा जो सर्वत्र केला जाणारा उपाय आहे, तो मीही सुरुवातीच्या काळात केला. एका घरी सलग तीन मे महिने जाऊन मी त्याच ओळीवर सिलिकॉन लावून आलो आणि तिन्ही जूनमध्ये ती ओळ गळाली. चौथ्या वर्षी सगळे खरवडून काढले तेव्हा खालच्या वॉशरची पूड झालेली होती, आणि सिलिकॉनच्या गोळ्याखाली अडकलेल्या पाण्याने स्क्रूची मान गंजून तुटण्याच्या बेतात आली होती. पत्रा खाली हलत राहतो, सिलिकॉन त्याच्याबरोबर काही काळ ताणला जातो आणि नंतर कडेने सुटतो. सुटलेली कड मग पाणी आत घेते पण बाहेर जाऊ देत नाही. शिवाय व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि ते जस्ताच्या मुलाम्याला खाते. पत्र्यावर सीलंट वापरायचेच असेल तर न्यूट्रल प्रकारचे घ्यावे, आणि ते वॉशरच्या जागी न वापरता जोडात वापरावे.

पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक शीट

अंगणात उजेड यावा म्हणून पत्र्यांच्या मध्ये एखादी पॉलिकार्बोनेटची शीट घालतात आणि गळती नेमकी तिथून सुरू होते. हे शीट पोलादाच्या पाचपटीहून अधिक, दर मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०६५ मिलिमीटर वाढते. सहा मीटर लांबीला ३० अंशांच्या फरकाने जवळपास १२ मिलिमीटर होतात. पत्र्यासारखेच थेट स्क्रू मारून ते बसवले असेल तर वाढण्यास जागा नसल्याने ते फुगते, स्क्रूपासून कडेपर्यंत तडा जातो आणि मग तडा वाढतच राहतो. म्हणून शीटमधले भोक स्क्रूपेक्षा तीन ते चार मिलिमीटरने मोठे असावे, त्यावर रुंद वॉशर असावा आणि स्क्रू जेमतेम टेकेल इतकाच आवळावा. तडा गेलेली शीट चिकटपट्टीने सांधू नये, ती बदलावी.

शीट पिवळी पडून ठिसूळ झाली असेल तर ती उलटी बसवली गेल्याची शक्यता आहे. बहुतेक शीटच्या एकाच अंगावर अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो, आणि कोणते अंग वर ठेवायचे हे संरक्षक फिल्मवर छापलेले असते. कामगार ती फिल्म खालीच सोलून टाकतो आणि वर शीट चढवताना बाजू विसरतो. पोकळ कप्प्यांच्या शीटमध्ये कप्पे उताराच्या दिशेनेच असावे लागतात, त्यांचे वरचे तोंड ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद करावे आणि खालच्या तोंडाला सूक्ष्म छिद्रांची पट्टी लावावी. खालचे तोंडही घट्ट बंद केले तर आत जमलेले बाष्प बाहेर पडत नाही आणि पहिल्याच वर्षी आत हिरवे शेवाळ दिसू लागते.

जोड, भिंतीची पट्टी आणि ढाळ

इथून पुढची तपासणी वर चढून करावी लागते. ओल्या पत्र्यावर कधीही चढू नये. कोरड्या पत्र्यावरही पाय स्क्रूंच्या ओळीवर, म्हणजे खाली पर्लिन आहे तिथेच ठेवावा. त्याहून बरे म्हणजे दोन पर्लिनवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरून वावरावे. पॉलिकार्बोनेटवर आणि सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊच नये.

दोन पत्र्यांचा बाजूचा जोड आमच्या किनाऱ्यावर वाऱ्याकडे पाठ करून असावा लागतो. पावसाळी वारा पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा असतो. त्यामुळे ज्या पाखी उत्तरेला किंवा दक्षिणेला उतरतात त्यांवर पत्रे पूर्वेच्या टोकापासून बसवत पश्चिमेकडे यावे, म्हणजे वरच्या पत्र्याची उघडी कड पूर्वेला राहते. उलट बसवलेल्या शेडमध्ये वारा प्रत्येक जोडात पाणी कोंबतो. सगळे पत्रे काढून पुन्हा बसवणे परवडत नसेल तर जोडात ब्यूटाइलची चिकट पट्टी घालून दर दीड फुटाला पत्र्याला पत्रा जोडणारा एक लहान शिलाईचा स्क्रू मारावा. लांबीच्या जोडात वरचा पत्रा खालच्यावर किमान १५० मिलिमीटर यावा आणि ढाळ कमी असल्यास मी २०० ते २५० मिलिमीटर ठेवतो. जोड अगदी चिकटून बसलेला असूनही गळतो तेव्हा लोकांना नवल वाटते, पण दोन गुळगुळीत पृष्ठभागांमधल्या केसाएवढ्या फटीत पाणी उताराच्या विरुद्धही ओढले जाते, आणि ब्यूटाइलची पट्टी नेमके तेच थांबवते.

शेड घराच्या भिंतीला टेकलेली असेल तर भिंतीवरची पट्टी पाहावी. पत्र्याची पट्टी भिंतीला लावून वरून सिमेंटचा गिलावा ओढून देणे ही प्रचलित पद्धत चुकीची आहे. पट्टी उन्हाने हलते आणि गिलावा हलत नाही, त्यामुळे एका उन्हाळ्यात दोघांमध्ये रेघ उघडते. त्याशिवाय ओले सिमेंट पत्र्याच्या मुलाम्यालाही खाते. भिंतीत २५ मिलिमीटर खोल खाच कापून तीत पट्टीची दुमडलेली कड बसवावी आणि खाच न्यूट्रल सीलंटने भरावी. हे काम गवंडी आणि पत्र्याचा कारागीर दोघांनी मिळून केले तरच नीट होते.

ढाळ मोजण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि मोजपट्टी पुरते. वळचण आणि आढे यांच्या उंचीतला फरक आडव्या अंतराने भागावा. दर मीटरला ८७ मिलिमीटर उतार म्हणजे ५ अंश, आणि १७६ मिलिमीटर म्हणजे १० अंश. घाटावर, जिथे पाऊस बेताचा, तिथे ५ अंशांवर भागून जाते. कोकणात मी १० अंशांच्या खाली जात नाही. घराच्या खिडकीखाली शेड बसवायची म्हणून ढाळ कमी केलेला असेल तर पाणी संथ वाहते, जोडांवरून उलटे चढते आणि स्क्रूच्या बाजूला थांबते. असा ढाळ निघाला तर वरच्या सगळ्या दुरुस्त्या तात्पुरत्या आहेत असे समजावे. खांब वाढवून किंवा कापून उतार बदलणे हाच उपाय आहे आणि तो घरच्या घरी करण्यासारखा नाही.

खांबाचे बूड

शेवटची तपासणी जमिनीवरच होते, पण ती शेवटी ठेवली आहे कारण तिच्यात दोष निघाला तर खर्च मोठा येतो. चौकोनी पाइपचा खांब जमिनीपासून सहा इंचांपर्यंत लहान हातोडीने हलके ठोकत जावे. वरच्या भागात खणखणीत आवाज येतो; बुडाशी बद्द आवाज आला किंवा रंगाचे पापुद्रे सुटून आले, तर पाइप आतून गंजला आहे. वरचे तोंड झाकणाने बंद केलेले नसेल किंवा वेल्डिंगमध्ये टाचणीएवढे छिद्र राहिले असेल तर त्यातून शिरलेले पाणी बुडाशी साठते. बाहेरून दरवर्षी दिलेल्या ऑइलपेंटचा आतल्या गंजाला काही अटकाव होत नाही. नव्या खांबाचे तोंड बंद करावे, बुडाला पाणी निघण्यास बारीक भोक ठेवावे आणि त्याभोवती काँक्रीटचा उंचवटा बाहेरच्या बाजूला उतरता करावा.

गच्चीवरच्या शेडमध्ये बेस प्लेटचे (खांबाच्या बुडाच्या लोखंडी पाटाचे) बोल्ट वॉटरप्रूफिंगचा थर भेदून स्लॅबमध्ये गेलेले असतात, आणि खालच्या खोलीतली ओल तिथून येते. प्लेटच्या कडेला सीलंट लावून ती थांबत नाही. प्लेट काढून खाली काँक्रीटचा लहान चौथरा करावा आणि वॉटरप्रूफिंग त्याच्या अंगावर चढवून घ्यावे लागते.

कुठे थांबावे

पन्हळ साफ करणे, वॉशर पाहणे आणि हात पोहोचेल तेवढे स्क्रू बदलणे एवढे घरातल्या माणसाने दुसऱ्याला शिडी धरायला उभे करून करावे. त्यापुढे काही ठिकाणी हात थांबवलाच पाहिजे. वळचण दहा फुटांहून उंच असेल किंवा शेड पहिल्या मजल्याच्या गच्चीच्या कडेला असेल, तर कमरेचा पट्टा आणि दोर असलेल्या माणसालाच वर जाऊ द्यावे. शेडच्या सांगाड्यावरून दिव्याची, पंप किंवा इन्व्हर्टरची वायर गेलेली असेल आणि पावसात खांबाला हात लागून झिणझिण्या आल्या असतील, तर मेन स्विच बंद करून आधी वायरमनला बोलवावे. त्या दिवशी गळतीचा विचारही करू नये. विजेच्या खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्यापासून हाताच्या अंतरावर असेल तरीही हेच करावे. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर त्याला भोक पाडू नये, तो कापू किंवा घासू नये, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

खांबाच्या बुडाशी गंज, वाकलेली पर्लिन, तडा गेलेले वेल्डिंग किंवा वाऱ्यात हलणारा सांगाडा यांपैकी काहीही आढळले तर प्रश्न गळतीचा राहिलेला नाही. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूलभूत वेग मुंबईसाठी ४४ आणि पुण्यासाठी ३९ मीटर प्रतिसेकंद धरला आहे. ३९ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलो वजनाएवढा भरतो, आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास असते. छपराला खाली धरून ठेवण्याचे काम स्क्रू, पर्लिन, खांब आणि पाया हेच करतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्यालगतून गेले. त्यानंतर मी पाहिलेल्या शेडमध्ये पत्रा फाटल्याची उदाहरणे थोडी होती. पर्लिनसकट उचलले गेलेले किंवा बुडाशी मोडलेले छप्पर अधिक होते. अशा सांगाड्यासाठी फॅब्रिकेटरबरोबर स्ट्रक्चरल इंजिनीअरचे मत घ्यावे.

कारागीर बोलावल्यावर त्याला तुमची थेंबांची नोंद आणि छायाचित्रे दाखवावीत, आणि तो वर न चढताच सीलंटच्या नळ्या मोजू लागला तर दुसरा पाहावा. पत्रा जागेवर कापायचा असल्यास ग्राइंडरऐवजी पत्र्याची कात्री किंवा निबलर वापरण्यास सांगावे. ग्राइंडरच्या ठिणग्या मुलामा जाळतात आणि त्यातून उडालेला लोखंडी कीस पत्र्यावर राहिला तर पहिल्या पावसात त्याचे गंजाचे ठिपके पडतात. स्क्रू बदलण्याचे काम मेच्या मध्यापर्यंत आणि सकाळी दहाच्या आत उरकावे, कारण दुपारी पत्रा पूर्ण ताणलेला असतो आणि तापलेल्या पत्र्यावर हातही टेकवत नाही.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी नळीने पाणी मारून पाहावे. एकाने खाली उभे राहावे आणि दुसऱ्याने वळचणीपासून सुरुवात करून एकेका स्क्रूच्या ओळीवर दहा मिनिटे पाणी सोडत आढ्याकडे जावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहते आणि कोणती ओळ गळली ते कळत नाही. पाणी पिचकारीसारखे जोरात न मारता पावसासारखे पडू द्यावे. ज्या ओळीवर थेंब आला तिथे खडूने खूण करून त्याच दिवशी ती पुन्हा उघडायला लावावी.